दुरून घर साजरे

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रूढ झाली तेव्हा घर बांधायचे ते आपल्याच गावात. गवंडी ओळखीचा, सुतार वाडीतला, आणि भांडण व्हायचेच तर ते बांधावरच्या शेजाऱ्याशी. आता या म्हणीला एक तिसरे कलम जोडायची वेळ आली आहे. ते म्हणजे परदेशातले पडके घर घेऊन दुरुस्त करणे.

मी कामोठ्यात राहतो. संध्याकाळी आमच्या सेक्टरमधल्या बाकांवर निवृत्त मंडळींच्या गप्पा पूर्वी मणका, मधुमेह आणि सोसायटीची गळती यांभोवती फिरत असत. आता त्यांत एक नवा विषय आला आहे. कुणाचा मुलगा मँचेस्टरला, कुणाची सून बर्मिंगहॅमला, कुणाचा भाचा मेलबर्नला. मुलांचा फोन येतो. 'बाबा, इथे एक जुनं घर निघालंय. अवस्था वाईट आहे, पण म्हणूनच स्वस्त मिळतंय. थोडी डागडुजी केली की किंमत दुप्पट. फक्त सुरुवातीची रक्कम कमी पडतेय.' पुढचे वाक्य काही मुले बोलतात, काही बोलत नाहीत. पण आई-वडिलांना ते ऐकू येतेच. कामोठ्याचा फ्लॅट विकला तर?

मी बँकेत होतो आणि माझी सारी नोकरी कर्जाच्या टेबलावर गेली, हे माहीत असल्यामुळे ही मंडळी माझ्याकडे येतात. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा ते एकदा सविस्तर लिहावे, असे मनात होते. घरात याच विषयावर दोन तट पडलेले असतील तर रविवारच्या चहाबरोबर हा लेख मोठ्याने वाचावा.

मुलांची बाजू

आधी मुलांची बाजू. ती हलकी नाही. परक्या देशात दर महिन्याला पगाराचा मोठा हिस्सा घरभाड्यात जातो. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, आणि देव्हारा कुठे मांडायचा हाही प्रश्नच. कामोठ्यात वाढलेल्या मुलाला 'आपले घर' या शब्दांची किंमत चांगली ठाऊक असते. सिडकोने १९७० नंतर ही भूमी संपादित केली. ज्यांची भातशेती आणि मिठागरे गेली त्या गावकऱ्यांना लढून साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. त्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत परळ-लालबाग, सातारा, कोकण, खानदेश अशा ठिकाणांहून आलेल्या आपण लोकांनी दोन-दोन खोल्या घेतल्या. मानसरोवर आणि खांदेश्वर स्थानकांवर पहाटेची गाडी पकडून बापाने हप्ते फेडलेले या मुलांनी पाहिले आहेत. हप्ता भरावा, पण स्वतःचा, हे त्यांनी आपल्याकडूनच शिकलेले आहे.

शिवाय पडक्या घरातून संसार उभे राहिल्याची उदाहरणेही आहेत. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टर नगरपालिकेने कंपालाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्याकडे येऊ नका' असे कळवले होते. तरी ती कुटुंबे गेली. बहुतेक गुजराती. त्यांनी बेलग्रेव्ह भागातल्या जुन्या, रया गेलेल्या चाळवजा घरांत बिऱ्हाडे थाटली, आणि आज तोच भाग दिवाळीच्या रोषणाईसाठी ओळखला जातो. पण या यशामागच्या दोन गोष्टी विसरू नयेत. त्यांच्यातल्या पुष्कळांकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, म्हणजे राहण्याचा हक्क घराच्या आधी हातात होता. आणि ते त्या घरांत राहिले. उद्या दुप्पट किमतीला विकू, हा हिशेब त्यामागे नव्हता.

एका युरोचे घर

पडक्या परदेशी घराची हौस आज जगभर आहे. इटलीत सिसिली बेटावरच्या सालेमी गावाने २००८ मध्ये एका युरोला घर देण्याची कल्पना पुढे आणली, आणि २०१९ मध्ये तिथल्याच साम्बुका गावामुळे ती सर्वतोमुखी झाली. बातमी वाचून इथेही लोकांचे डोळे विस्फारले. पण त्या एका युरोच्या मागे अट होती. सुमारे तीन वर्षांत घर दुरुस्त करायचे आणि त्याची हमी म्हणून पाच हजार युरो अनामत ठेवायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. परदेशी माणसाला तिथे घर घेता येते. पण १ जून १९८१ पूर्वीच्या नियमांनी बांधलेले असेल तर भूकंपाचे काय, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. शिवाय घर घेतले म्हणून तिथे राहायचा परवाना मिळत नाही.

घर स्वस्त असते त्याला कारण असते. गाव ओस पडलेले असते, नोकऱ्या गेलेल्या असतात, किंवा घराच्या पोटात रोग असतो. आपल्या कोकणातली कुलूपबंद घरे आठवा. वाशाला वाळवी लागलेली, सातबाऱ्यावर सतरा नावे. एखादे पडके घर परक्याला स्वस्त वाटेल, पण गावच्या माणसाला ते स्वस्त का आहे हे ठाऊक असते. परदेशात तो 'परका' आपला मुलगा असतो.

महाराष्ट्राने घेतलेले घर

परदेशात जुने घर घेऊन दुरुस्त करण्याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण एखाद्या कुटुंबाचे नाही, आपल्या राज्य सरकारचे आहे. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली विद्यार्थी म्हणून राहत होते. ते घर विक्रीला निघाले आणि महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते ३० लाखांहून अधिक पौंड मोजून घेतले. दुरुस्ती झाली, आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झाले. समाधानाचीच गोष्ट होती. ज्या शहरात हा माणूस अर्धपोटी राहून शिकला, तिथे त्याची वास्तू आपली झाली.

अडचण पुढे आली. घर राहण्यासाठी म्हणून नोंदलेले होते. त्याचे संग्रहालय करायचे तर कॅम्डेन या स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि गोंगाटाची तक्रार केली. कौन्सिलने परवानगी नाकारली. अपील झाले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या संबंधित मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. म्हणजे उद्घाटनानंतर चार वर्षांहून अधिक काळ लागला.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. सरकारपाशी पैसा होता, वकील होते, जगन्मान्य कारण होते. तरीही शेजाऱ्याच्या हरकतीला उत्तर द्यावे लागले. आपल्याकडे बाल्कनी आत घेताना आपण फारशी कुणाला विचारपूस करत नाही. तिथे ऐतिहासिक म्हणून सूचीत नोंदलेल्या घरात परवानगीशिवाय फेरबदल करणे हा फौजदारी गुन्हा आहे. खिडकी बदलण्याआधीही चौकशी करावी लागते.

भिंतीतली ओल

आता घराकडे वळू. इंग्लंडमधली राणी व्हिक्टोरियाच्या काळातली घरे दिसायला देखणी असतात. लाल विटा, उतरते छप्पर, मागे चिंचोळे अंगण. भिंत बहुधा सलग विटांची, चुन्यात बांधलेली. अशी भिंत ओल शोषते आणि सोडते. मधल्या पिढीत कुणी तिच्या दरजा सिमेंटने भरल्या असतील तर आत गेलेली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ती खोलीत उतरते. कामोठ्याच्या पावसाळ्यात पोपडे धरलेल्या भिंती पाहणाऱ्यांना ओल म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे ऑक्टोबरचे ऊन येऊन भिंत वाळवते. तिथे ऊनच पाहुण्यासारखे येते.

आणखीही दुखणी असतात. १९७० पूर्वीच्या घरांत पाण्याचे नळ शिशाचे असू शकतात. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, म्हणून त्याआधीच्या घराचे छत नुसते खरवडणेसुद्धा धोक्याचे ठरू शकते. लाकडाला बुरशी लागलेली असेल तर ती फरशीखाली दडलेली असते. दुरुस्तीच्या कामावर साधारणतः २० टक्के व्हॅट लागतो. दोन वर्षे किंवा अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या घराला त्यात सवलत मिळू शकते, पण ती मागावी लागते. नाक्यावरून दोन माणसे आणून भिंत फोडून घ्यायची, ही सोय तिथे नाही. मजुरीचा दर ऐकून मुलगा स्वतःच हातोडा घेतो, आणि मग शनिवार-रविवार हे शब्द त्याच्या आयुष्यातून नाहीसे होतात.

म्हणून तज्ज्ञाकडून तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. ब्रिटनमध्ये सर्व्हेअरच्या तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि जुन्या किंवा नादुरुस्त घराला तिसरी, सर्वांत सखोल पायरीच घ्यायला हवी. कर्ज देणारी संस्था जे मूल्यांकन करते ते तिच्या सुरक्षेसाठी असते, तुमच्या नव्हे. हे मी आयुष्यभर तसले अहवाल वाचलेला माणूस म्हणून सांगतो. आणखी एक खूण सांगतो. चालू स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नसलेल्या घरावर तिथल्या बहुतेक बँका नेहमीचे गृहकर्ज देत नाहीत. 'फार स्वस्त' घराचे रहस्य पुष्कळदा इथेच असते. ते लिलावात निघते. हातोडा पडला की सहसा दहा टक्के जागेवर आणि उरलेले बहुधा २८ दिवसांत. कर्ज मिळाले नाही तर ते दहा टक्के जातात.

फ्लॅट घेणार असाल तर लीजची उरलेली वर्षे मोजा. कामोठेकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या इमारतीही सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर उभ्या आहेत. इंग्लंडमध्ये लीज ८० वर्षांच्या खाली उतरली की ती वाढवून घेणे महाग पडत आले आहे आणि तसला फ्लॅट विकणेही जड जाते.

पैसा कोणत्या वाटेने जातो

मी १९८० च्या दशकात बँकेत लागलो तेव्हा 'फेरा' कायदा होता आणि परदेशी चलन हा शब्द लोक दबक्या आवाजात उच्चारत. २००० साली 'फेमा' आला. ४ फेब्रुवारी २००४ रोजी रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली, तेव्हा मर्यादा वर्षाला २५ हजार डॉलर होती. आज ती माणशी, दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. या मर्यादेत परदेशात घर घेता येते. पण त्यासाठी इथल्या बँकेकडून कर्ज काढून पैसे पाठवता येत नाहीत. पैसा स्वतःचा हवा.

ही वाट नेहमी उघडी असतेच असे नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेने मर्यादा दोन लाखांवरून ७५ हजार डॉलरवर आणली आणि या योजनेतून परदेशी घर घेण्यावरच बंदी घातली. ती पुढच्या वर्षी उठली. छप्पर उतरवलेले, भिंती फोडलेल्या आणि पैशाची वाट बंद, अशी अवस्था कुणाचीही होऊ शकते. तेव्हा दुरुस्तीचा सगळा पैसा हाताशी असल्याशिवाय पहिली वीट काढू नये.

मग कर. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर उगमाशी करवसुली नाही. त्यावरच्या रकमेवर, घर किंवा भेट यांसारख्या कारणांसाठी, २० टक्के. वडिलांनी एकट्याच्या नावाने ६० लाख पाठवले तर वरच्या ५० लाखांवर दहा लाख रुपये बँक कापून सरकारजमा करते. हा जादा कर नाही. विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर दहा लाख अडकतात, आणि लंडनचा वकील तोवर थांबत नाही.

फ्लॅट विकून झालेल्या भांडवली नफ्याचेही तसेच. घर विकून घर घेतले तर करात सवलत मिळते एवढे सर्वांना ठाऊक असते. २०१४ च्या वित्त कायद्याने ती भारतात घेतलेल्या घरापुरती ठेवली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि परदेशातल्या घरावर इथे राहणाऱ्या आई-वडिलांचेही नाव लागले, तर दरवर्षी विवरणपत्रात ते दाखवावे लागते. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली त्यात कसूर झाल्यास दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पै-पै पांढरी असली तरी.

आता तिथला मुद्रांक कर. इंग्लंडमध्ये पहिलेच घर घेणाऱ्याला तीन लाख पौंडांपर्यंत तो नाही. पण 'पहिले' म्हणजे जगात कुठेही पहिले. आपल्याकडे कर्जाची पात्रता वाढावी म्हणून मुलाचे नाव सहकर्जदार आणि पुढे सहमालक म्हणून सर्रास लावतात. त्या मुलाच्या नावावर कामोठ्याच्या फ्लॅटचा ४० हजार पौंड किंवा अधिक किमतीचा हिस्सा असेल, तर तिथले घर त्याचे दुसरे घर ठरते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून त्यावर पाच टक्के अधिभार आहे. दीड लाख पौंडांच्या घराला, जिथे काहीच भरावे लागले नसते, तिथे आठ हजार पौंड. खरेदीआधीच्या वर्षात १८३ दिवसही तिथे काढलेले नसतील तर आणखी दोन टक्के, म्हणजे तीन हजार.

घर म्हणजे व्हिसा नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज हा की घर घेतले म्हणजे पाय रोवले. नोकरीच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये असलेल्याची नोकरी गेली तर नवी शोधायला त्याला सहसा साठ दिवस मिळतात. घर विकायला याहून किती तरी जास्त दिवस लागतात, आणि अर्धवट दुरुस्तीचे घर तर कोण घेणार? मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायम वास्तव्यासाठीचा सर्वसाधारण काळ पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. स्पेनने घराच्या बदल्यात वास्तव्याचा परवाना देणारी योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना जुनी घरे घेण्यासच मनाई केली. कॅनडातही २०२३ पासून अशी बंदी आहे, काही अपवादांसह. यजमान देशाच्या मनात काय आहे हे यावरून ओळखावे. आधी राहण्याचा हक्क, मग भाड्याने राहून गाव पारखणे, एक हिवाळा तिथे काढणे, आणि मग घर. हा क्रम उलटा करू नये.

आई-वडिलांचे छप्पर

आता ज्या वाक्यापाशी सगळे अडखळतात तिथे येतो. कामोठ्याचा फ्लॅट विकावा का?

राहते घर एकच असेल तर माझे उत्तर 'नाही' असे आहे. 'शेवटी सगळे त्यांचेच आहे ना?' असे आई म्हणते. खरे आहे, पण 'शेवटी' हा शब्द तिने नीट ऐकावा. ते शेवटी त्यांचे आहे. आज ते तुमचे आहे. पासष्टाव्या वर्षी विकलेले घर सत्तराव्या वर्षी परत घेता येत नाही. मुलाकडे राहायला जाऊ म्हणावे, तर ब्रिटनमध्ये वयस्क आई-वडिलांना कायमचे बोलावून घेण्याचे नियम इतके कडक आहेत की ते थोड्यांनाच जमते. म्हणजे घर विकायचे आई-वडिलांनी, आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या घरात त्यांनी यायचे सहा महिन्यांच्या पाहुण्यासारखे. कामोठ्यात एमजीएमचे रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, शेजारीण रात्री दोनला दार उघडते, रिक्षावाला हाक मारून थांबतो. ही मिळकत कोणत्याही मूल्यांकनाच्या अहवालात येत नाही.

द्यायचेच असेल तर जे गेले तरी आपला महिना अडणार नाही तेवढेच द्यावे, आणि ते भेट की उसने हे कागदावर लिहावे. लेक आणि लेक, दोघांनाही सांगून. भावंडांतली कटुता पुष्कळदा रकमेमुळे येत नाही, न सांगितल्यामुळे येते. तिथल्या वारसा कराचीही माहिती घ्यावी. आपल्याकडे मृत्यूकर १९८५ मध्ये गेला. ब्रिटनमध्ये तो आहे, आणि सवलती वगळता तीन लाख २५ हजार पौंडांवरच्या मालमत्तेवर ४० टक्के आहे.

मुलांनाही एक सांगणे आहे. पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेले बेथ एल सिनेगॉग आहे. रायगडातले मराठी बोलणारे बेने इस्रायली १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, आणि दिमोना, बीरशेबासारख्या वाळवंटी गावांत त्यांनी नव्याने संसार मांडले. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. भिंती मिळतील तशा घेतल्या. घर मात्र त्यांनी भाषेने, सणावारांनी आणि शेजाराने केले. तुमचेही तसेच होईल. पाच वर्षे भाड्याच्या घरात काढली म्हणून तुमचा संसार उणा राहत नाही.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आहेत. आमच्या मुलांचे जग तेवढे जवळ आले, याचा आनंदच आहे. त्यांनी जावे, कमवावे, जमेल तेव्हा आपल्या कमाईने आपल्या नावाचे घर घ्यावे, आणि ते पडके असेल तर निस्तरण्याची हिंमतही ठेवावी. आई-वडिलांनी त्यांना सल्ला द्यावा, आशीर्वाद द्यावा, परवडेल तेवढा पैसाही द्यावा. डोक्यावरचे छप्पर मात्र देऊ नये. मुलगा कधी हात हलवत परत आलाच, तर त्याला उतरायला एक घर शिल्लक असायला हवे.